राखाडी जोडीची पांढरी पिल्लं

सहा पिल्लांत दोन पांढरी निघणार असं कळलं आणि मी सुखदेवभाऊंच्या खाकी सदऱ्यावर पांढरे केस शोधायला लागलो.

सुखदेवभाऊ आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबचे अटेंडंट. वय चाळिशीचं, टेंपररी. मी पंचवीस वर्षांचा लेक्चरर. विभागप्रमुख लांब रजेवर, त्यामुळे विभागाचा इन्चार्जही मीच. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि कॉलेजात वाढवलेले ससे पाहायला गावातली माणसं येत.

लॅबमागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन पिंजरे होते. एकात राखाडी नर, एकात राखाडी मादी. त्यांच्या पिल्लांतली एक जोडी मंगरूळपीरच्या शाळेला द्यायचं प्राचार्यांनी कबूल केलं होतं. "सगळी राखाडीच होतील, शुद्ध आहेत," ही हमी मी दिली होती. कोणी मागितली नव्हती.

मादी व्याली त्या दिवशी सुखदेवभाऊ पिंजऱ्यात डोकावले आणि म्हणाले, "दोन पांढरी होतीन, सर."

सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर लव नसते. सगळी उघडी, उंदरासारखी. रंग कळायला चारपाच दिवस जातात. मग यांना पहिल्याच दिवशी कसं कळलं? माझ्या मते याला एकच उत्तर होतं. बाप कोण, हे त्यांना ठाऊक होतं.

"भाऊ, तुमच्या घरी ससे आहेत का?"

"हाय न. रिठदले. एक नर हाय."

"रंग?"

"पांढरा. काहून?"

"सहज," मी म्हणालो. संशय घेणाऱ्या माणसानं कमी बोलावं असं माझं मत होतं. दर सोमवारी ते रिठदहून, आपल्या गावाहून, एस.टी.नं येत, तेव्हा हातात फडक्यानं झाकलेली टोपली असे. इतके दिवस मी ती पाहून न पाहिल्यासारखी केली होती. त्या सोमवारी फडकं उचललं. आत लसूणघास होता, सशांसाठी. म्हणजे माणूस फारच सावध आहे, असा मी अर्थ काढला.

मग सदऱ्यावर एक पांढरा केस सापडला. मी तो चिमट्यानं उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवला. सशाच्या केसाच्या आत शिडीसारखे कप्पे दिसतात. यात नव्हते. केस सुखदेवभाऊंच्याच डोक्याचा होता.

तरी मी थांबलो नाही. चौथ्या दिवशी पांढरी लव दिसली आणि मी प्राचार्यांकडे गेलो. अटेंडंटनं घरचा नर आणून लावला, जात बिघडवली, असं सांगितलं. त्यांच्या टेबलावर सुखदेवभाऊंना परमनंट करायची फाइल होती. प्राचार्यांनी ती बंद करून बाजूला सरकवली. तो आवाज मला तेव्हा बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावणं आलं.

"सुखदेव, नऊ वर्षं झाली तुले इथं," प्राचार्य म्हणाले. "मेमो देऊन राह्यलो मी. काही सांगायचं असन त सांग."

सुखदेवभाऊ हात मागे बांधून उभे होते. "साहेब, माह्या घरचा नर पांढरा हाय, हे खरं. पण मादीच्या पोटात पांढऱ्याची चिठ्ठी लपून नसन, त माह्या नरापासूनही पांढरं होत नाही. सारे राखाडीच होतीन."

"चिठ्ठी?"

"हो. एक चिठ्ठी मायची, एक बापाची. एक जरी राखाडी आली, त अंग राखाडी. दोनी पांढऱ्या आल्या, तवाच पांढरं. आता आपली मादी आन नर एकाच मायचे. एकीत चिठ्ठी लपली हाय, त दुसऱ्यातही असू शकते. मंग माहा नर रिठदहून आणायचा कायले?"

"अन् पहिल्या दिवशी कसं समजलं तुले?"

"चामडी पाह्यली. राखाडी होणाऱ्याची काळपट राह्यते. पांढऱ्याची गुलाबी."

प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"हे चिठ्ठीचं तुले कोणी शिकवलं?"

"सरांनीच. हरसाल फळ्यावर लिहितात. मी पुसतो न तो फळा."

"ते वाटाण्याचं होतं," मी म्हणालो.

"हो, सर. पण सशाले लागू नाही, असं तुमी लिहिलं नव्हतं."

इथं मी माफी मागायला हवी होती. मी कुलूप मागितलं. पुन्हा तीच जोडी लावू, पिंजऱ्यांना कुलूप, किल्ली फक्त माझ्याकडे. आता पांढरं निघालं तर मानतो. प्राचार्यांनी मेमो आणि फाइल दोन्ही महिनाभर थांबवली. सशाची मादी महिन्याभरात विते.

ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे चारापाणी, हे माझ्या लक्षात कुलूप लागल्यावर आलं. लेंड्या काढायच्या त्याच्याकडेच, रविवारीही. नर शेपटी वर करून नेमका नेम धरून मुततो, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. दोन पँटी गेल्या.

सुखदेवभाऊ शेडच्या दाराबाहेर स्टुलावर बसून असत.

"ओला घास नका देऊ, सर. पोट फुगते."

"तुम्ही या की आत, जरा धरा."

"नाई, बाप्पा. संशय येईन."

मी मात्र रोज कुलूप ओढून पाहायचो. जाळीच्या तारा मोजायचो. एकदा किल्लीचा मेणात ठसा घेतला आहे का, म्हणून त्यांची नखंही पाहिली. त्यांनी दोन्ही हात निमूट पुढे केले. ते हात आजही आठवतात.

एकतिसाव्या दिवशी सकाळी मादी व्याली. मी कुलूप काढलं, गवत बाजूला केलं. पाच पिल्लं. चार काळपट. एक गुलाबी.

"किती, सर?" बाहेरून आवाज आला. पहिल्यांदाच तो जरा कापरा होता. तेव्हा मला उमगलं, महिनाभर स्टुलावर बसलेला माणूस मजा पाहत नव्हता. नऊ वर्षांची नोकरी राखत बसला होता.

"एक पांढरं आहे, भाऊ."

स्टूल सरकल्याचा आवाज आला, भाऊ दारात आले. मग म्हणाले, "चारात एक म्हणता तुमी. पाचात एक आलं. चालते."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि तसाच, लेंड्यांच्या हातानं, प्राचार्यांकडे जाऊन चूक माझी म्हणून लिहून दिलं. परमनंटची ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली. मंगरूळपीरच्या शाळेला राखाडी जोडी गेली, या वेळी हमीशिवाय.

पुढच्या सोमवारी माझा तास संपला. फळाभर वाटाणे होते. सुखदेवभाऊ डस्टर घेऊन दारात उभे.

"पुसू का, सर? का तुमचं वाचायचं राह्यलं?"

"थांबा," मी म्हणालो, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. रिटायर होईपर्यंत ती सवय राहिली.