माझा पेपर आणि आईचा उजवा हात

मी काय काम करते हे भावाने मला एकदाच विचारलं. पेशी आपल्यातली जुनी, बिघडलेली प्रथिनं स्वतःच मोडून टाकते. ती कशी मोडते ते मी बघते, असं मी सांगितलं. भावाचा आमगावात धानाचा व्यापार आहे. तो म्हणाला, "म्हनजे कचरा." मी हो म्हटलं. तेव्हापासून दुकानात कोणी चौकशी केली की, "ताई कचऱ्यात सायंटिस्ट आहे," असं तो सांगतो.

पुढे माझा एक पेपर चालला. चालला म्हणजे दुसरे संशोधक आपापल्या पेपरात त्याचा संदर्भ देऊ लागले. याला सायटेशन म्हणतात, आणि ती मोजली जातात. सुरुवातीला कित्येक वर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग आकडा चढत गेला. त्याचं कारण माझा शोध नव्हता. एखादं प्रथिन पेशीत किती वेळ टिकतं हे मोजायची एक सोपी रीत मी त्यात ओघात लिहिली होती, ती लोकांना सोयीची पडली. शोधाबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

भावाला तो आकडा फोनवर सापडला. आठवडाभरात रेल्वे फाटकाजवळ माझं फ्लेक्स लागलं. माझ्या शेजारी त्यावर जो मायक्रोस्कोप होता, तसा मी शाळा सुटल्यापासून पाहिलेला नाही.

फ्लेक्स बघायला म्हणून मी रजा काढून घरी आले, तर आई अंगणात तांदूळ पाखडत होती आणि दाणे सुपाबाहेर उडत होते. उजवा हात थरथरत होता. "थंडीनं होते," ती म्हणाली. थंडी नव्हती. मला रोगाचं नाव माहीत होतं, पण मी त्या प्रकारची डॉक्टर नाही, म्हणून बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आईला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मग समजावून सांगितलं, "काकू, मेंदूतल्या काही पेशींत एक प्रथिन साचत जातं. पेशीला ते साफ करता येत नाही."

आई माझ्याकडे वळली. "हे तं तुयंच काम होय!"

डॉक्टरांनी माझं नाव विचारलं, फोनवर टाकलं, आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. उभं राहून करण्यासारखं काही नसल्यामुळे परत बसले आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या माझ्या जन्माआधीपासून मिळतात. उत्तर ठाऊक असूनही मी विचारलं, "याहून नवीन काही?"

"नाही मॅडम. तुम्हाला माहीतच असणार."

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "एवढे लोक तुया पेपर वाचतेत, तं औषध काऊन नाही निघालं?"

"वाचतातच असं नाही. संदर्भ देतात."

"म्हनजे का करतेत?"

मी फोनवर एक पेपर उघडला आणि पहिलं वाक्य मराठीत सांगितलं. पेशी जुनी प्रथिनं मोडते; पुढे कंसात आकडे. "यातला चौथा आकडा म्हणजे मी."

तिने फोन हातात घेतला. तो हलू लागला, तेव्हा मी खालून धरला. "नाव नाही लिहत?"

"लिहितात. अगदी शेवटी, बारीक अक्षरात."

गोंदिया आलं. अर्धा डबा हिंदीत भांडत उतरला. डबा शांत झाल्यावर आईने विचारलं, "मंग कायले करून राहिली तू हे?"

हा प्रश्न मला मुलाखतींत नेहमी विचारतात. समाज, आरोग्य, भविष्य अशी उत्तरं माझ्याकडे तयार असतात. तिच्या हाताकडे बघताना त्यांतलं एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "जुनं प्रथिन कसं मोडतं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून."

"आता मालूम झालं?"

"थोडं."

"बरं," ती म्हणाली आणि पाणी मागितलं.

गोळ्यांनी गुण आला. काही आठवड्यांत हात बराचसा स्थिर झाला. हे औषध आपल्या पोट्टीनंच काढलं, असं तिने शेजारी सांगून टाकलं. मी दोघीतिघींना खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्या विनयाचं कौतुक केलं. मग मी सांगणं सोडून दिलं.

यंदा मी तिच्या रोगातल्या त्या प्रथिनावर काम सुरू केलं आहे. जगभर पुष्कळ जण आधीपासून त्याच्या मागे आहेत, त्यामुळे सायटेशनच्या दृष्टीने हा शहाणपणा नाही, असं एका सहकाऱ्याने मला समजावलं. अजून तरी प्रथिन मोडत नाही. मी हे काम घेतलंय आणि या गोळ्यांचा असर वर्षागणिक कमी होत जाणार, हे दोन्ही मी आईला फोनवर सांगून टाकलं. तिच्यापासून लपवून काही उपयोग नसतो.

ती म्हणाली, "मंग जल्दी कर."