कडुनिंबावरचा भारद्वाज

आज सकाळी रावेतच्या बिल्डिंगमागे भारद्वाज घुमला आणि पर्मनंटच्या मुलाखतीची ती सकाळ आठवली. बाहेर पडताना भारद्वाज दिसला तर काम होतं, नुसता ऐकू आला तर नाही, असं आम्ही मानायचो. तो कुठेतरी झुडपात घुमत होता, दिसत मात्र नव्हता. कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला, तरी माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. तेवढ्यात मागून आई म्हणाली, “त्यो काय कडुनिंबावर बसलाय. मला दिसला. पळ आता.” मी पळालो, पर्मनंट झालो. पर्मनंटच्या पहिल्याच पगारात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. पट्टी सुटल्यावर दारातल्या कडुनिंबाकडे बघत ती म्हणाली, “याला एवढी पानं हायेत व्हय?”