चुनाच आहे, चाचा

शेजारी कुणी कळीचा चुना भिजत घातला की त्या उष्ण, ओल्या वासानं मला शहराच्या तटाचा एक जुना दरवाजा आठवतो. त्याच्या दुरुस्तीवर मी नवा ओव्हरसियर होतो. चुना मुरवायचा, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून बैलाच्या घाण्यात मळायचा, हे मला एका म्हाताऱ्या गवंड्यानं शिकवलं. चुना उडून उडून त्यांची नजर गेली होती, तरी चाचा बायकोचा हात धरून रोज शहागंजातल्या घरून यायचे आणि गिलाव्यावर तळवा फिरवून काम पारखायचे. मग वरून हुकूम आला, पाहुणे येणार आहेत, आठवड्यात उरका. मी मुकाट्यानं सिमेंट लावून घेतलं. दुसऱ्या सकाळी चाचांनी भिंतीवर हात ठेवला. "चुनाच हाय ना, साहेब?" "चुनाच आहे, चाचा," मी म्हणालो. त्यांच्या बायकोला करडी भिंत दिसत होती; तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. चाचांचा तळवा बराच वेळ तिथंच राहिला. "अच्छा हुआ," एवढंच म्हणाले आणि गेले. नंतर ते आलेच नाहीत. चौथ्या दिवशी बायको एकटीच त्यांची थापी न्यायला आली. "चाचांना बरं नाही का?" मी विचारलं. "बरे हायेत. हाताला कळलं त्यांच्या. तुमाला शरम वाटंल म्हणून गप बसले." पाहुण्यांना काम फार आवडलं. मी आज चाचांच्या वयाचा आहे, आणि शहागंजात जायचं झालं तर तो दरवाजा टाळून लांबच्या रस्त्यानं जातो.