पिझ्झेवाल्याच्या घरचा शनिवार

नेपल्समधल्या मातेर्देई भागातल्या त्या अरुंद गल्लीत अनिएल्लोला सगळे मानाने ‘डॉन अनिएल्लो’ म्हणत, आणि का म्हणू नये? उभी हयात त्याने दुसऱ्याच्या पिझ्झेरियात, दुसऱ्याच्या भट्टीपुढे घालवली आणि अर्ध्या शहराला जेवू घातलं. घरी मात्र त्याने कधी साधं अंडंसुद्धा तळलं नाही. ‘घरात पिझ्झा करणं म्हणजे बादलीत पोहणं,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या लग्नातही त्याने ते सासूबाईंना ऐकवलं होतं.

त्याची बायको तितिना हिने ते मुकाट ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि मग आपल्याला हवं तेच करण्यातही नव्हतं.

झालं असं, की शनिवारी संध्याकाळी सगळं नेपल्स पिझ्झा खातं आणि पिझ्झेवाल्याची पोरं घरी शेवयांचं सूप ओरपतात. पिझ्झेरियात न्यावं म्हटलं, तर शनिवारी मालक स्वतःच्या आईलाही टेबल देत नसे. एका शनिवारी धाकट्या लुइझेल्लाने विचारलं, ‘पप्पा सगळ्यांना देतो, मग आपल्यालाच का नाही?’ उत्तर म्हणून तितिनाने पीठ भिजवलं. ते चांगलं सैल ठेवलं, त्यात सढळ हाताने तेल घातलं, काळ्या पत्र्याच्या थाळ्यात पसरलं आणि घरच्या ओव्हनमध्ये ढकललं. त्या दिवसापासून दर शनिवारी हेच चाललं. नवरा यायच्या आत थाळा घासून पलंगाखाली जाई आणि पोरांची तोंडं पुसली जात.

सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. वास का लपतो? पण पिझ्झेवाल्याची बायको घरी पिझ्झा करते हे त्याच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. सभ्य गल्ल्या बायकांच्या दुसऱ्या भानगडी जशा झाकतात, तशीच ही झाकली गेली.

पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी शनिवारी न चुकता आईकडे येत राहिली. तितिनाचं म्हणाल तर अख्ख्या आठवड्यात ती एवढी एकच संध्याकाळ तिची होती.

आणि मग अनिएल्लो निवृत्त झाला. मालकाने त्याला सन्मानाची एक चकचकीत ढाल दिली आणि घरी पाठवलं. पहिल्याच शनिवारी तो टेबलाच्या टोकाला ऐसपैस बसला. तितिनाने निमूटपणे पास्ता वाढला. नातवंडांनी ताटाकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं, आणि तोंडं पाडली.

‘पोरांना झालंय काय?’ अनिएल्लोने विचारलं. ‘कळलं! आजोबा पिझ्झेवाला, आणि ताटात पास्ता! पुढच्या शनिवारी मी करतो.’

‘बादलीत?’ तितिनाने विचारलं.

‘मनात आणलं तर मी बादलीतही पोहेन.’

तो पोहला, म्हणजे बुडाला. हात होते भट्टीचे, आणि ओव्हन होता घरचा. धगधगत्या भट्टीत जो पिझ्झा डोळ्याचं पातं लवेपर्यंत फुलतो, तो इथे तासभर ऊन खात पडल्यासारखा वाळला. थाळा त्याने घेतला नाही, थाळे केकसाठी असतात म्हणे. कोणी तेलाचं नाव काढलं तर अंगावर आला. पहिल्या शनिवारी दोष पिठाचा निघाला, दुसऱ्या शनिवारी पाण्याचा, तिसऱ्या शनिवारी गॅस कंपनीचा. तितिना शेजारीच उभी होती. काय चुकतंय ते तिला दिसत होतं, पण सांगावं तर सगळंच बाहेर पडणार. शिवाय, खोटं कशाला बोला, तिला थोडी मजाही वाटत होती.

शेवटी लुइझेल्लाचा संयम सुटला. तिने तोंडातला तुकडा काढून ताटात टाकला, तो टणकन वाजला.

‘पप्पा, पुरे! परवाच दाढ भरून घेतलीय मी. आई, तू कर गं बाई, नेहमीसारखा!’

‘नेहमीसारखा’ हा शब्द टेबलावर पडला आणि कोणी तो उचलेना. अनिएल्लोने एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

‘किती वर्षं?’ त्याने विचारलं.

‘लुइझेल्लाचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून,’ तितिना म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ‘तेल घालून. थाळ्यात.’

ती आरडाओरडीची वाट पाहत होती. पण तो हळूच म्हणाला, ‘शनिवारी घरी आलो की वास यायचा. मला वाटायचं, माझ्याच शर्टाला येतोय.’ आणि उठून आतल्या खोलीत गेला.

पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला अनिएल्लोने गुळगुळीत दाढी केली, कोट चढवला.

‘कुठे निघालास?’

‘खाली, बारमध्ये. पत्ते खेळायला. तू कर तुझं काय ते.’

तो गेला. तितिनाचा शनिवार तिला जसाच्या तसा परत मिळाला. तिने सकाळीच निथळत ठेवलेलं चीज तोडलं, टोमॅटो हातानेच चुरले, थाळा उघड्यावर काढला. पोरं आली, पिझ्झा फुलला, सगळे तुटून पडले. तिने मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. टेबलाच्या टोकाची जागा रिकामी होती. इतकी वर्षं ती रिकामीच असायची, आणि तिला कधी दिसली नव्हती. आता दिसली, आणि स्वतःचाच राग आला.

ती तरातरा बाल्कनीत गेली. खाली बारच्या दारात अनिएल्लो हातात पत्ते घेऊन बसला होता आणि त्याचं लक्ष पत्त्यांत नव्हतं हे वरूनही कळत होतं.

‘अनिएल्लोऽऽ! वर ये! पिझ्झा निवतोय!’

समोरच्या बाल्कनीतल्या डोन्ना विचेन्झाच्या हातातली ओली चादर हातातच राहिली. बारमधल्यांनी पत्त्यांत तोंडं घातली. झाकलेली गोष्ट तिने भर गल्लीत उघडी केली होती, आणि डॉन अनिएल्लो लालबुंद झाला होता.

तो उठला. वर पाहिलं, मग विचेन्झाकडे, मग पत्तेवाल्यांकडे.

‘काय पाहताय? बायको जेवायला बोलावतेय!’ तो गरजला. आणि मान वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, ‘तितिना! थाळ्याला चिकटलेला कुरकुरीत काठ पोरांना देऊ नकोस. तो मला!’