जिवंत पेशी रंगवणारे शकीलभाई

शकीलभाई गेल्याचा फोन धुळ्याहून सकाळी आला, तेव्हा मी कॉलेजात नव्या सत्राच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लावत होते. फोन ठेवला आणि वेळापत्रक पुरं केलं. हे वाचून मी कुणाला कोरडी वाटेन, पण त्यांना ते आवडलं असतं. जळगावच्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात आम्ही बरीच वर्षं शेजारच्या टेबलांवर काम केलं. मी वयाने लहान, तरी ते मला अक्का म्हणत. घरात हुकूम सोडते ती अक्काच, हे त्यांचं कारण.

ते धुळ्याच्या रंगाऱ्याच्या घरातले. घरी कापड रंगवायचे, इकडे पेशी. कापड उकळलं तरी तक्रार करत नाही, पेशी मात्र मरते, असं ते सांगत. मारून रंगवणं कुणालाही जमतं. त्यांना ती जगत असताना, तिचं काम चालू असताना रंगवायची होती. काय आत जातं, कुठे अडकून राहतं, हे त्या रंगाच्या मागे मागे जाऊन बघायचं, हाच ध्यास. प्राचार्यांनी त्यासाठी मागची एक खोली दिली होती, पण अटीवर. विद्यापीठाच्या समितीने संशोधन केंद्राची मान्यता दिली तर खोली राहील, नाहीतर तिथे खेळाचं सामान जाईल. मान्यता नाही मिळाली तर पीएच.डी.साठी मुलींना पुण्याला जावं लागणार आणि घरचे पाठवणार नाहीत, हे शकीलभाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या मुलींत मीही होते.

समिती येणार म्हणून आम्ही खोली धुतली, काचा लख्ख पुसल्या. पाहुण्यांपुढे नळाचं पाणी बरं दिसत नाही म्हणून शकीलभाईंनी मुद्दाम डिस्टिल्ड वॉटर मागवलं. समितीचे अध्यक्ष आणि आणखी एक सदस्य आले. कांद्याचा पापुद्रा न्यूट्रल रेडच्या लाल द्रावणात ठेवला, भिंगाखाली धरला... पेशींच्या आत रंगाचा पत्ता नाही. दुसरा पापुद्रा घेतला, तेच. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. घाबरले की शकीलभाई खानदेशी बोलीवर येत. हळूच मला म्हणाले, "अक्का, रोज बठ्ठं बरोबर व्हस. आज नवं काय शे?"

रोज सगळं बरोबर होतं, मग आज नवं काय? मी बोटांवर मोजलं. कांदा तोच, रंग तोच, काच तीच... "पाणी," मी म्हटलं.

ते हसले. पाहुणचाराच्या नादात चूक झाली, असं त्यांनी समितीला सरळ सांगून टाकलं. आमच्या नळाला बोअरचं पाणी, ते क्षारी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचं. त्यात हा रंग पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो आणि आतल्या आंबट रसात पोचला की तिथेच अडकतो. साठवलेलं डिस्टिल्ड वॉटर हवेमुळे किंचित आंबट होतं. त्यात रंग दारातच थांबतो. नळाच्या पाण्यात रंग नव्याने कालवला, चहा येईपर्यंत वाट पाहिली, आणि भिंगाखाली पेशीपेशीत त्या रसाची लाल थैली उमटली. अध्यक्ष म्हणाले, रंग दिसला, पण ही पेशी जिवंत कशावरून? शकीलभाई याच प्रश्नाची वाट बघत होते. पापुद्र्याच्या कडेला त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, थैल्या आकसल्या. मग साधं पाणी दिलं. त्या हळूहळू पुन्हा फुगल्या, रंग जराही न सांडता. मेलेल्या पेशीला हे जमत नाही. अध्यक्ष भिंगावरून डोळा काढेनात, दुसरे सदस्य मागे ताटकळत उभे. शेवटी शकीलभाईच म्हणाले, "साहेब, चहा गार झाला. पेशी पळून नाही जाणार."

मान्यता मिळाली. खेळाचं सामान जिन्याखाली गेलं. त्या खोलीतून पुढे कितीतरी मुली पीएच.डी. झाल्या, पहिली मी.

शोकसभेसाठी सत्राचं पहिलं प्रॅक्टिकल रद्द करावं का, असं प्राचार्यांनी परवा विचारलं. मी नाही म्हटलं. त्याच खोलीत मुलींनी पापुद्रे रंगवले, मीठ दिलं, पाणी दिलं, आणि मग मी त्यांना दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळ्यांच्या माना आधीच खाली होत्या. डोळे भिंगाला लागलेले, आणि आत लाल थैल्या एकेक करून फुगत होत्या.