बबनच्या खड्ड्याचं विरजण

शेण आणि किस्से साठवायला वेगळी मेहनत लागत नाही. कालच्यावर आजचे पडलेलेच! कडावच्या डेअरीवर सकाळी दूध घालून झालं की आम्ही गोठेवाले चहाला थांबतो, आणि विषय फिरून फिरून शेणाच्या खड्ड्यावरच येतो.

* * *

सुरुवात झाली ग्रामसभेत. फार्महाऊसवाल्यांनी वासाची तक्रार केली. सरपंच म्हणाले, पावसाळ्याच्या आत ज्याच्या खड्ड्याचा वास जाणार नाही त्याने गोठा गावाबाहेर न्यावा. गावाबाहेर माझी वीतभर जागा नाही. घरी आलो तर म्हशी निवांत रवंथ करत होत्या. त्यांना काय सांगणार, बायांनो, सामान बांधा?

* * *

बबन माझा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. त्याने गूळ, ताक आणि शेणाचं पाणी पिंपात आंबवून खड्ड्यात सोडलं, काठाला कर्दळ लावली. थोड्याच दिवसांत वास गायब! कळंबच्या रिसॉर्टचे पाहुणे तिथं येऊन सेल्फी काढायला लागले. शेणापुढे सेल्फी! माझा नुसता जळफळाट. त्यात आमची ही जेवताना म्हणायची, बबनभावजींच्या कर्दळीला काय फुलं आलीत हो. घास उतरायचा नाही.

* * *

आमच्यातल्या रघ्याचंही पोट दुखत होतंच. पण त्याने ताक तेवढं ऐकलं, आंबवणं-बिंबवणं काही नाही. अख्खा कॅन ताक थेट खड्ड्यात ओतलं. वास होता तिथंच, वर गावातली कुत्री खड्ड्याशी मुक्कामाला.

"बबनकडं सेल्फीवाले येतात," रघ्या म्हणाला, "आपल्याकडं निदान कुत्री तरी येतात."

* * *

मीही बबनसारखं पिंप लावलं, पण ते दरवेळी नासायचं. शेवटी लाज गिळली आणि बादली घेऊन बबनकडे गेलो. त्याच्या खड्ड्यातलं थोडं पाणी माझ्या पिंपात घातलं तर लागेल, असा विचार. दारात त्याची बायको, सुशीलावैनी. नुकताच तुळशीपुढे दिवा लावलेला.

"दिवा लागला, भावजी. आता विरजण देत नाय."

"अहो वैनी, शेणाचं पाणी हाय ते."

"लागतं ना त्यानं? मग विरजणच."

रिकामी बादली हलवत परतलो. सकाळी तिनेच भरून दिली म्हणा, आणि माझ्या खड्ड्याचाही वास गेला. सरपंच येऊन काठावर उभ्याउभ्या चहा प्याले. गोठा वाचला! त्याच आठवड्यात मी काठाला कर्दळ लावली, बबनच्यापेक्षा उंच होणारी बघून.

* * *

मग कर्जतहून साहेबलोक बबनचा खड्डा बघायला येणार, असं ठरलं. वैनीला गोठा चकाचक हवा. तिने आठवडाभर रोज फिनेलने घासला, आणि ते सगळं पाणी गेलं खड्ड्यात. विरजण मेलं! साहेब नाकाला रुमाल लावून गाडीतूनच परत. आणि सरपंचांची फेरी पुढच्या आठवड्यात. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. फाटकाशी सुशीलावैनी, हातात रिकामी बादली. मी उठणार, तोवर आमच्या हिने तुळशीपुढे लगबगीने दिवा ठेवला, पदर सारखा केला आणि फाटकाशी गेली.

"दिवा लागला गं सुशीला," ती म्हणाली. "सकाळी ये."