बकासुराचा हात

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. गल्लीत मामांचा विषय निघाला की मी उठून आत जायचो, नाहीतर ऊसदराचं काहीतरी काढून बसायचो. आता मामा नाहीत. माझीही पंचाहत्तरी उलटली. मामांविषयी आमच्या पेठेत जे बोललं जातं त्यातलं एक साफ खोटं आहे, आणि ते मी पेरलेलं आहे. ते तसंच मागे ठेवून जायचं नाही, एवढ्यासाठी हे लिहितो. पण सगळी पेठ ज्यांना मामा म्हणायची, तो माझा मित्र काय चीज होता ते आधी सांगितलं पाहिजे.

हत्यारांच्या दुकानात जाऊन सगळ्यात कमी जोराचं यंत्र मागणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मामांच्या मनगटात कळा यायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी हाताने स्क्रू पिळणं बंद करायला सांगितलं. मग चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचं ठरलं. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालो होतो, म्हणून सल्ल्याला मला बरोबर नेलं. मामा मला नावाने कधी हाक मारत नसत. 'फोरमन' म्हणत. दुकानदाराने मोठं, पिस्तुलासारखं एक धूड काढून समोर ठेवलं आणि भिंतीत कसा स्क्रू घुसतो त्याचं वर्णन सुरू केलं.

"पावणं," मामा म्हणाले, "मला भिंत पाडायची न्हाय. सगळ्यात अशक्त कुठला हाय, तो दावा."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मामा, घ्यायचाच तर जोरदार घ्या. एकदाच काय ते पैसे जातात."

"जोर लावायला तुम्ही हाय की. मला थांबणारं यंत्र पायजे."

मग त्यांनी खिशातून प्लायचा एक तुकडा आणि चार स्क्रू काढले. घरूनच घेऊन आले होते. एकेक यंत्र हातात घ्यायचे, मुठीत मावतं का बघायचे, तुकड्यात स्क्रू पिळायचे आणि कान लावून ऐकायचे. शेवटी टॉर्चएवढा एक लहान ड्रायव्हर त्यांना पटला. पुढच्या बाजूला आकडे घातलेलं एक कडं होतं. ते एकवर ठेवलं की स्क्रू बसल्याबरोबर यंत्र कट् कट् वाजून थांबायचं. पुढे नेलं की जोर वाढायचा. मोबाइलच्या चार्जरवर चालायचा, उलटाही फिरायचा, आणि चार्जिंग संपलं तर साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखा हाताने पिळता यायचा. मामांनी तो तीन-तीनदा लावून बघितला आणि म्हणाले, "ह्येला कळतंय कुठं थांबायचं. माणसाला कळत न्हाय."

दुकानदार हसला. मीही हसलो.

मामांचा धंदा फोटोच्या फ्रेमा करण्याचा होता, पण ओळख वेगळी होती. आमच्या तालमीच्या गणपतीपुढचा हलता देखावा दर वर्षी ते उभा करायचे. बांबू, प्लाय, प्लास्टर आणि ट्रकच्या वायपरच्या मोटरी, एवढ्यावर त्यांचे राक्षस डोळे फिरवायचे, हत्ती सोंड उचलायचे. पेठ वडगाव, मलकापूरकडून माणसं ट्रॅक्टर-टेम्पो भरून बघायला यायची. तेव्हा मामा धुतलेला शर्ट घालून दोरीजवळच्या गर्दीत शिरायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "काय पावणं, कुठनं आला? बरं केलंय का? कुणी केलंय म्हाईत हाय का?" पाहुण्याने नुसती मान हलवली तर तिथल्या तिथे त्याला मोटर कुठे बसवली आहे ते सांगायला लागायचे. मामींना या प्रकाराची लाज वाटायची. "स्वतःची आरती स्वतःच ओवाळून घेत्यात," असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

त्यांच्या देखाव्यातला हलणारा प्रत्येक सांधा ढिला असायचा. स्क्रू आधी पूर्ण बसवायचा आणि मग अर्धा आटा मागे घ्यायचा, अशी त्यांची रीत होती. मला ते बघवत नसे. आमच्या कारखान्यात ढिला बोल्ट म्हणजे पाप. तीस वर्षं मी पोरांना तेच शिकवलं होतं. एकदा मी म्हटलं, "मामा, आमच्याकडं असा बोल्ट सापडला तर माणसाला घरी धाडतात."

"म्हणून तुमचं मशीन हसत न्हाय, फोरमन. माझा राक्षस हसतोय. हलणाऱ्या जीवाला श्वास घ्यायला जागा लागती."

कोणता सांधा किती ढिला ठेवला आहे, हे ते कुठेही टिपून ठेवत नसत. सगळं डोक्यात. या डोक्याचा त्यांना भयंकर गर्व होता. कुठल्या वर्षी कुठल्या पात्राचा कुठला हात अडकला, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, फीत कापायला कोण आलं होतं, हे सगळं धडाधड सांगायचे. कुणी शंका घेतली तर म्हणायचे, "मामा मरंल, पण इसरणार न्हाय."

लहान ड्रायव्हर घरात आल्यावर तो निम्मा मामींचा झाला. कुकरचा कान हलतोय, कपाटाची बिजागरी करकरतेय, मिक्सरचं बूड सुटलंय, असं काही ना काही निघायचं. घरच्या कामाला मामा कडं पुढच्या आकड्यावर न्यायचे आणि काम झालं की आठवणीने परत एकवर आणून ठेवायचे. मामी चिडवायच्या, "बायकोपेक्षा त्या कड्याची काळजी जास्त."

त्या वर्षी बकासुर करायचं ठरलं. तालमीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो महिनाभर वाढत होता. धड आधी उभं राहिलं. डोकं बरेच दिवस दाराकडे तोंड करून जमिनीवर पडलेलं होतं, आ वासून, रंग न दिलेलं, पांढरंफटक. शेडमध्ये शिरलं की ओल्या प्लास्टरचा वास आणि समोर तो जबडा. मला तिथे एकट्याने बसायला कधी बरं वाटलं नाही. बकासुराचा उजवा हात गाड्यातला भात उचलून तोंडाकडे न्यायचा होता. मूठ घमेल्याएवढी, भरीव प्लास्टरची. मामा सगळ्यांना बजावून सांगायचे, "ह्येचा हात वर असला की खाली उभं ऱ्हायाचं न्हाय." मामी पात्रांचे कपडे करायच्या. त्या शिवणकामात पेठेत एक नंबर होत्या, लग्नसराईत त्यांच्याकडे ब्लाउजांची रांग लागायची. त्या म्हणायच्या, "मग ह्याला धोतर काय शिडीवरनं फेकून घालू?"

चाचणीच्या दिवशी मामांनी सकाळी सगळे सांधे स्वतः तपासले आणि दुपारी जेवायला घरी गेले. मला म्हणाले, "फोरमन, जरा बसा. कुत्री शिरत्यात."

मी बसलो. बसून बसून उठलो आणि बकासुराचा हात हलवून बघितला. खांद्यापाशी खडखड वाजला. आणखी हलवला, आणखी वाजला. एवढं वजन आणि असा खुळखुळा! माझ्या हाताला ते सोसवेना. ड्रायव्हर तिथेच फळीवर होता. खांद्याच्या स्क्रूवर लावला तर कट् कट् करून थांबला. मी कडं शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं. यंत्र गुरगुरलं आणि स्क्रूची डोकी लाकडात रुतून बसली. हात वर उचललेला होता, तसाच दगडासारखा घट्ट झाला. मला बरं वाटलं. हत्यार जसं घेतलं तसं ठेवायचं, ही कारखान्याची सवय. त्या सवयीने मी कडं परत एकवर आणलं आणि ड्रायव्हर होता तिथे ठेवला. तेव्हा लपवायचं काही मनात नव्हतं. मामा आले की सांगणार होतो, एवढंच नव्हे, शाबासकीही घेणार होतो.

मामा आले ते तालमीची सगळी पोरं आणि मामींना घेऊनच. गलका चालू होता. चहा झाल्यावर सांगू म्हटलं. मामांनी सांधे पुन्हा तपासले नाहीत. सकाळी तपासले होते, डोक्यात पक्कं होतं. त्यांनी बटण दाबलं. हात हलला नाही. मोटर घुमायला लागली.

"का रं, भूक न्हाय व्हय आज?" मामा म्हणाले. पोरं हसली. मामी धोतराचा सुटलेला काष्टा खोचायला पुढे वाकल्या होत्या.

"बाजूला हो गं," असं मामा म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मी त्या वेळी ओरडायला हवं होतं. मोटर कशाशी झगडते आहे हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं. खांद्याची पट्टी फाटल्याचा आवाज झाला आणि हात मुठीसकट खाली आला.

मामी वाचल्या. उजव्या खांद्याचा चुरा झाला. दोनदा ऑपरेशन करूनही तो हात परत खांद्याच्या वर गेला नाही. शिवणाचं मशीन माळ्यावर गेलं.

दवाखान्यातून संध्याकाळी मामा आणि मी शेडवर आलो. त्यांनी तुटलेला सांधा हातात घेतला, रुतलेल्या स्क्रूंवरून अंगठा फिरवला. मग फळीवरचा ड्रायव्हर उचलून कडं बघितलं. एकवर होतं.

"फोरमन, ह्ये मी आवळलं न्हवतं."

मी एक वाक्य बोललो. त्यापेक्षा वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही.

"सकाळी तुम्हीच पिळत होता की, मामा. मी बघितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.

"मीच? व्हय?" ते म्हणाले. "तुम्ही बघितलं म्हंजे तसंच आसंल."

मामी त्यांच्यावर एक शब्दही रागावल्या नाहीत. "माणूस हाय, इसरतंय," म्हणाल्या. पण त्या दिवसापासून मामांनी गॅस बंद केला की मामी मागून जाऊन बघून यायच्या. मामा दुकानाला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुलूप ओढून बघायचे. पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. पोरं टिंगल करायला लागली, "मामांचा आटा सरकला." पुढच्या वर्षी तालमीने देखावा बाहेरून विकत आणला. मामा गर्दीत आले नाहीत. फ्रेमेला खिळा ठोकला की गिऱ्हाइकालाच विचारायचे, "ठोकला न्हवं मी? बघा बरं." असल्या दुकानात कोण येणार? ते बंद पडलं.

आणि मी लक्ष ठेवून होतो. मामा काहीही विसरत नव्हते. गॅस बंद असायचा, कुलूप लागलेलं असायचं, खिळा जागेवर असायचा. मी मात्र वाट बघत होतो. ते खरंच एकदा काहीतरी विसरावेत, म्हणजे माझं खोटं खरं ठरेल. मित्राचं डोकं बिघडावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

शेवटी लेकीने दोघांना पेठ वडगावला नेलं. गेल्या दिवाळीनंतर मी धीर करून एसटीत बसलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. मामा ओट्यावर बसले होते, खूप वाळले होते. शेजारचे दोघे जण गप्पा मारायला आले होते. मला बघून मामांचा चेहरा उजळला.

"या फोरमन! आवो, ह्ये बघा, ह्येच ते," ते शेजाऱ्यांना सांगायला लागले. "माझ्या डोक्यात पयल्यांदा गडबड झाली, ती ह्यांनीच धरली. न्हायतर मला कळलंच नसतं, आनि मी आनखी कुणाचा तरी जीव घेतला असता. लई उपकार हायत ह्यांचं."

शेजाऱ्यांनी मला नमस्कार केला. मी तो घेतला. मामींनी डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला. मी चहा प्यालो, उसाला तोड आली का ते विचारलं, आणि सांजच्या गाडीने परत आलो.

थंडी सरता सरता मामा गेले. दिवसकार्याला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचं. म्हणायचं, फोरमनला विचारा, मी काय केलं ते त्यांना म्हाईत असतंय." मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, मला दुःख झालंय.

मामींना आता वाचायला चष्माही पुरत नाही, असं ऐकतो. हे मी स्वतः जाऊन त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या काय बोलतील ते बोलतील, ऐकून घेईन. पण ज्यांना सांगायचं होतं ते ओट्यावर समोर बसले होते, चहा निवेपर्यंत माझ्याशी बोलत होते, आणि जाताना एसटीत शंभरदा घोकलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते फार मोठं नव्हतं.

मामा, मला माफ करा. तुम्ही काहीही विसरला नव्हता.